सगळ्या एकत्र जमण्याआधी

न्यू जर्सीहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे की १९८९ साली माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयातून त्यांच्याबरोबर पदवी घेतलेल्या नऊ मैत्रिणींना, डिसेंबरातील मुंबईच्या बारा दिवसांच्या मुक्कामात, विमानतळाजवळच्या हॉटेलात एकाच संध्याकाळी जेवायला बोलावले तर चालेल का. जरूर बोलवावे, परंतु त्या हॉटेलात नको, आणि तीच पहिली भेटही नको.

ते हॉटेल आपल्या सोयीचे आहे. पूर्वी दादर-परळला राहणाऱ्या कितीतरी जणी आता डोंबिवली, बदलापूर, बोरिवली, विरार अशा दूरच्या ठिकाणी स्थायिक झाल्या आहेत. त्यांना रात्री अंधेरीहून परतणे त्रासाचे होते, आणि साठीकडे झुकलेली मैत्रीण हे कारण मोकळेपणाने सांगत नाही, ती केवळ 'जमेल असे वाटत नाही' एवढेच कळवते. दादरला मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांवरून येता येते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोने आपल्यालाही विमानतळाच्या बाजूने थेट दादरला पोहोचता येईल, तेव्हा प्रवास आपण करावा. रविवार ठरवणार असाल तर मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी पाहावे. माझ्या मते शनिवारची दुपारच बरी.

मात्र त्याआधी एकीच्या घरी जावे. प्रत्येक गटात एक तरी मैत्रीण अशी असते जिने सगळ्यांशी संबंध टिकवलेले असतात. तिच्याकडे चहाला एकटीने जावे आणि निदान तीन तास मोकळे ठेवावेत. कोणाच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, कोणाची इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे ती भाड्याच्या घरात राहते आणि म्हणून कोणाला घरी बोलावणे टाळते, कोणाच्या मुलाविषयी विचारू नये, हे फोनवर कोणी सांगत नाही. चहाचा दुसरा कप झाल्यावर सांगतात. काही वर्षांपूर्वी अशा एका स्नेहमेळाव्यात मी कोणतीही चौकशी न करता गेले आणि भर टेबलावर एका मैत्रिणीला 'तुझे यजमान नाही आले?' असे विचारले. त्यांना जाऊन दीड वर्ष झाले होते. तिने शांतपणे उत्तर दिले, पण नंतरची सगळी संध्याकाळ ती जवळजवळ गप्प होती, आणि त्या प्रश्नाची बोच मला आजही आहे.

खर्चाचे आधीच ठरवावे. परदेशातून आलेल्या मैत्रिणीने सगळे बिल भरण्याचा आग्रह धरला की तिचा हेतू चांगला असूनही बाकीच्यांना आपण पाहुण्या झाल्यासारखे वाटते. महाविद्यालयात जे टीटीएमएम चालत होते तेच चालू द्यावे. फारच वाटले तर त्या दिवशीचे आइस्क्रीम आपल्याकडून असावे. चॉकलेटांच्या मोठ्या पिशव्या नेऊ नयेत, कारण आता ती सगळी मुंबईत मिळतात. त्याऐवजी त्या काळातील एखादे छायाचित्र जपलेले असेल तर त्याच्या नऊ प्रती काढून आणाव्यात. पती आणि मुले या भेटीला नसावीत, त्यांच्यासाठी निराळा दिवस काढता येईल.

पत्राच्या शेवटी आपण दहाव्या मैत्रिणीचा ओझरता उल्लेख केला आहे, जी आता हयात नाही आणि जिच्या आई अजून दादरलाच राहतात. त्यांच्याकडे कसे जावे, या संकोचाने कदाचित आपण तो विषय तिथेच सोडला असावा. बारा दिवसांतली एक सकाळ त्यांच्यासाठी राखावी, आदल्या दिवशी फोन करून जावे, आणि छायाचित्राची दहावी प्रत त्यांच्या हाती द्यावी. लेकीचे नाव आपणच आधी काढावे. त्या वाट पाहत असतील.