रानातल्या अळंब्या आणि तुमचे प्रश्न

पाऊस लागला की आमच्याकडे अळंबीचेच प्रश्न जास्त येतात, त्यामुळे या वेळी दुसरं काही घेतलंच नाहीये. काही प्रश्न फार लांब होते ते थोडे कापलेत.

ताई, आम्ही सगळे मित्रमैत्रिणी आंबोलीला गेलो होतो, परत येताना सावंतवाडीजवळ ओळखीच्यांच्या बागेत आणि मागच्या रानात भरपूर अळंब्या दिसल्या. तीन प्रकारच्या काढून आणल्यात, फोटो पाठवतेय. यातली खायची कुठली? फ्रीजमध्ये आहेत, लवकर सांगा प्लीज.
– वाचक, पुणे

तुम्हाला त्याच दिवशी मेल केला होता की यातलं काहीही शिजवू नका, आता कारण नीट सांगते. फोटो बघून मी कुठल्याच अळंबीला "खा" म्हणत नाही. मोबाइलवरची ॲप्स दोन सेकंदांत नाव देतात, ते नाव शोधाशोध सुरू करायला ठीक आहे, पण जेवणाचा निर्णय त्याच्यावर नको. कारण अळंबी ओळखायला जे बघावं लागतं त्यातलं अर्धंअधिक फोटोत येतच नाही, म्हणजे दांड्याचं बूड, वास, कापल्यावर रंग बदलतो का, बीजाणूंचा रंग, आजूबाजूला झाडं कुठली होती, ती लाकडावर उगवली होती की मातीत.

पहिल्या फोटोतली बहुतेक वारुळाची अळंबी आहे, शास्त्रातलं नाव टर्मिटोमायसिस. मधोमध टोकदार उंचवटा दिसतोय, पुंजक्याने आलीय आणि मागे वारूळही दिसतंय. वाळवी जमिनीखाली चावलेल्या पालापाचोळ्याच्या गाद्या रचते, त्यांच्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते, पावसात त्या गादीतूनच अळंबी वर येते, म्हणून हिच्या दांड्याला खाली लांबच लांब मुळासारखा भाग असतो, तो थेट त्या गादीपर्यंत गेलेला असतो. बीजाणू फिकट गुलाबी. पण तुम्ही ती जमिनीलगत चाकूने कापून आणलीत, म्हणजे सगळ्यात मोठा पुरावा तिकडे मातीतच राहिला. आणि वारुळाजवळ उगवली म्हणून ती वारुळाचीच, असंही नसतं बरं का, शेजारी दुसरी काहीही उगवू शकते.

दुसरी पांढरीशुभ्र आहे, टोपीखालच्या पट्ट्याही पांढऱ्या आणि दांड्यावर कडं. बूड पुन्हा गायब! हे मला खरंच काळजीचं वाटलं, कारण पांढऱ्या पट्ट्या, दांड्यावर कडं आणि बुडाशी मातीत लपलेली पिशवी हे तिन्ही एकत्र आलं की ॲमनिटा घराण्याचा संशय घ्यायचा असतो, आणि जगात अळंबी खाऊन जी माणसं मरतात त्यातली बहुतेक याच घराण्यातल्या काही जातींमुळे. ती पिशवी जमिनीच्या खाली असते, वरून ओढलं की तुटून मागे राहते. म्हणून ओळखायची असेल तर कापायची नाही, बाजूची माती उकरून बुडासकट अख्खी उचलायची. आणि कडं किंवा पिशवी दिसली नाही म्हणजे सुटलो असंही नाही, लेपिओटा नावाच्या छोट्या छोट्या अळंब्या असतात, त्यांना पिशवी नसते पण काहींमध्ये विष तेच असतं.

तिसरी, हिरवळीवरची ताटलीएवढी, टोपीवर तपकिरी खपल्या असलेली, ती दिसायला इतकी छान असते की लोक हमखास फसतात. ती क्लोरोफायलम मोलिब्डायटिस वाटते. खाल्ली तर साधारण एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, माणूस सहसा वाचतो पण हाल होतात, लहान मुलांना तर सलाइन लावायची वेळ येते. हिची ओळख बीजाणूंवरून पटते, ते चक्क हिरवट असतात. ही एकच घ्या आणि बीजाणूंचा ठसा घ्यायचा प्रयोग घरी करून बघा, करण्यासारखा आहे. दांडा काढून टाकायचा, टोपी कागदावर पालथी ठेवायची म्हणजे पट्ट्या खाली, कागद अर्धा पांढरा अर्धा काळा घ्या, वरून वाडगं झाका आणि रात्रभर हलवू नका. सकाळी कागदावर पट्ट्यांची हुबेहूब नक्षी उमटलेली असते. पांढरे बीजाणू काळ्या कागदावर दिसतात, बाकीचे पांढऱ्यावर. मात्र ठशाचा रंग घराणं ठरवायला मदत करतो, विष आहे की नाही ते सांगत नाही. प्रयोग झाल्यावर टोपी टाकून द्या आणि हात धुवा.

पुढच्या वेळी प्रत्येक प्रकार वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये लगेच घाम धरतात. तुम्ही तिन्ही एकाच डब्यात ठेवल्यात, त्यामुळे पहिली खाण्यातली निघाली तरी आता टाकूनच द्या, तिच्यात दुसरीचे तुकडे गेले असतील तर कळणार कसं.

माझी आजी अळंबी शिजवताना त्यात चांदीचं नाणं टाकायची, काळं पडलं नाही तर खायची. काहीजण लसूण टाकतात. गोगलगाईने कुरतडलेली असेल तर चालते असंही ऐकलंय. यातलं खरं काय?
– वाचक, रत्नागिरी

यातलं एकही धरून चालू नका, अगदी कळकळीने सांगते. चांदी काळी पडते ती गंधकामुळे, उकडलेल्या अंड्यानेही पडते. ॲमनिटामधलं जे विष आहे, ॲमाटॉक्सिन, ते चांदीलाही काही करत नाही आणि लसणालाही नाही. गोगलगाय विषारी अळंबी खाऊन मजेत राहते, तिचं शरीर वेगळं आपलं वेगळं. टोपीची साल सोलून निघाली तर चांगली, असंही म्हणतात, पण डेथ कॅप नावाच्या सगळ्यात घातक अळंबीची सालही छान निघते. उकळून पाणी फेकलं, वाळवली, फ्रीझ केली तरी हे विष जात नाही. चवही वाईट नसते, वाचलेल्या लोकांनी चांगली होती म्हणून सांगितलंय.

मग तुमच्या आजीला कधी त्रास का नाही झाला? कारण नाण्याच्या आधीच त्यांनी अळंबी ओळखलेली असणार. ठरावीक वारूळ, ठरावीक आठवडा, आईबरोबर जाऊन लहानपणापासून हाताळलेली तीच एक जात. कोकणात काय, गडचिरोलीकडे सात्या (तिकडच्या रानअळंब्या) गोळा करणाऱ्या बाया काय, त्या शंभर प्रकार ओळखत नाहीत, दोनचार ओळखतात आणि बाकीच्यांना हात लावत नाहीत. त्यांच्याबरोबर रानात जायला मिळालं तर जरूर जा. फक्त ही ओळख त्या रानापुरतीच खरी असते, ती दुसऱ्या मुलखात लागू पडत नाही. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो. हिवाळ्यात पाऊस झाला की ओकच्या झाडांखाली भाताच्या पेंढ्यावरच्या मशरूमसारखी दिसणारी अळंबी येते, सासूबाई आल्यात त्या म्हणतात आपल्याकडचीच आहे, भाजी करूया. करू का?
– वाचक, सॅन होजे

नाही, अजिबात नाही, आणि सासूबाईंना हे वाचून दाखवा. ओकखालची ती डेथ कॅप असू शकते, ॲमनिटा फॅलॉइडीस. मूळची युरोपातली, झाडांच्या रोपांच्या मुळांबरोबर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात पोचली. पेंढ्यावरच्या मशरूमलाही बुडाशी पिशवी असते आणि हिलाही, कोवळी असताना तर दोन्ही पांढऱ्या अंड्यासारख्या दिसतात, त्यामुळे आशियातून तिकडे गेलेले लोक नेमके इथेच फसलेत. पेंढ्यावरचीच्या पट्ट्या पुढे गुलाबी होतात आणि बीजाणूही गुलाबी, डेथ कॅपचे पांढरे. पण कोवळीत हा फरक दिसत नाही म्हणून हे सांगून मी तुम्हाला परवानगी देत नाहीये. डिसेंबर २०१६ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात १४ जणांना या अळंबीची बाधा झाली होती, तिघांना यकृत बदलावं लागलं आणि एका लहान मुलीच्या मेंदूला कायमची इजा झाली.

या विषाचं सगळ्यात वाईट म्हणजे त्याची वेळ. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही, रात्री जेवलं तर थेट पहाटे उलट्या-जुलाब. मग दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं, घरचे म्हणतात निभावलं, आणि तोपर्यंत आत यकृताच्या पेशी मरत असतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ. म्हणून खाल्ल्यावर सहा तासांनंतर त्रास सुरू झाला तर तो जास्त धोक्याचा समजा आणि बरं वाटलं तरी हॉस्पिटल सोडू नका. पण तासाभरात उलटी झाली म्हणून निश्चिंत पण होऊ नका, टोपलीत दोन जाती असू शकतात. उरलेली अळंबी, सालं, शिजवलेली भाजी, जे असेल ते कागदी पिशवीत किंवा डब्यात घालून डॉक्टरांकडे न्या, किती वाजता खाल्लं ते लिहून ठेवा, ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना न्या, त्रास नसला तरी. महाराष्ट्रात १०८ ला फोन करायचा, तुमच्याकडे ९११. लवकर पोचलं तर उपचार आहेत. आपल्या देशातही हे होतं, एप्रिल २०२२ मध्ये आसामात चहामळ्यांच्या भागात रानातल्या अळंब्या खाऊन १३ जण गेले.

गोव्यात रस्त्याच्या कडेला पानात बांधून अळमी विकतात त्या घ्याव्या का?
– वाचक, बेळगाव

त्या बहुतेक वारुळाच्याच असतात, तिकडे रोण अळमी म्हणतात, आणि विकणारे पिढ्यान् पिढ्या काढत आलेत, त्यामुळे विषाची भीती तशी कमी. ताज्या आहेत का बघा, चिकट झालेल्या किंवा वास येणाऱ्या नको, आणि त्याच दिवशी नीट शिजवून खा. पण माझं मन दुसऱ्या कारणाने कचरतं. भाव कळ्यांना जास्त मिळतो म्हणून छत्री उघडायच्या आतच काढतात, म्हणजे बीजाणू पडतच नाहीत, वर खणताना वारूळही फुटतं. ही अळंबी वाळवीशिवाय होत नाही, बटण मशरूमसारखी शेडमध्ये पिकवायला अजून कुणाला जमलेली नाही. गोव्यातले अळंबीचे अभ्यासक नंदकुमार कामत कित्येक वर्षं हेच सांगतायत. अभयारण्यातून काढायला तर कायद्यानेच बंदी आहे. घ्यायचीच तर उमललेली मागा, गिऱ्हाईक उमललेली मागायला लागलं तर काढणारेही थांबतील.

मशरूम आणि दारू एकत्र घेऊ नये म्हणतात, खरंय का?
– वाचक, नाशिक

बाजारातल्या बटण किंवा धिंगरीला हे लागू नाही. पण रानात एक शाईसारखी विरघळणारी अळंबी येते, इंक कॅप, तिच्या एका जातीत कोप्रीन नावाचं द्रव्य असतं, ते शरीरात दारू पचण्याच्या मध्ये येतं, मग चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, आणि अळंबी खाऊन दोनतीन दिवस झाले तरी दारू घेतल्यावर हे होऊ शकतं. असं झालं तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा, नुसती दारू सांगून थांबू नका.