वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी छायाचित्रण

गेल्या अंकात आम्ही छायाचित्रणाविषयी प्रश्न मागवले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर एकच होता : हौस आहे, हातात बरा कॅमेरा किंवा मोबाइल आहे, पण वेळ नाही आणि घराबाहेर पडणे जमत नाही. त्यातील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी नेरूळला राहते आणि ठाण्याला नोकरी करते. संध्याकाळी ट्रान्स-हार्बरच्या गाडीने घरी पोहोचेपर्यंत आठ वाजतात; त्यानंतर स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास असतो. दिवाळीत 18-55 मिलिमीटरच्या लेन्ससह कॅमेरा घेतला, पण अजूनही सगळे फोटो ऑटोवरच काढते. यूट्यूबवरील धडे पाहते, ते पाहताना समजतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. क्लास लावणे शक्य नाही. रोजच्या पंधरा-वीस मिनिटांत काही शिकता येईल का? — वाचक, नेरूळ

उत्तर : येईल, मात्र त्या वीस मिनिटांतील किमान पंधरा मिनिटे कॅमेरा हातात असायला हवा. धडे पाहून विसरायला होते, कारण एका धड्यात दहा गोष्टी सांगितलेल्या असतात आणि हाताने एकही केलेली नसते. आपण एका वेळी एकच गोष्ट बदलून तिचा परिणाम पाहावा, एवढीच शिस्त पाळावी.

सुरुवातीला एक लसणाचा गड्डा घ्या. तो निवडण्याचे कारण असे की, तो पांढरा असला तरी चकचकीत नसतो, त्यावर उंचवटे आणि खाचा असतात, वरची पातळ साल उजेड थोडा आरपार जाऊ देते, आणि रात्री साडेनऊ वाजता तो कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात सापडतो. जेवणाच्या टेबलावर तो ठेवून खोलीतील ट्यूब बंद करावी आणि अभ्यासाचा टेबल लॅम्प तेवढा चालू ठेवावा. दिवा कॅमेऱ्याच्या बाजूने, म्हणजे समोरून आला की गड्डा सपाट दिसतो. तोच दिवा एका कुशीला नेला की प्रत्येक पाकळीची कड उठून येते, आणि थोडा मागे नेला की सालीच्या सुटलेल्या पापुद्र्यातून उजेड झिरपताना दिसतो. नंतर दिव्यासमोर बटर पेपर धरा (दिव्याला चिकटवू नका, तापतो), म्हणजे सावलीची कड मऊ होईल. कागद वस्तूच्या जितका जवळ आणि आकाराने जितका मोठा, तितकी ती अधिक मऊ होते. हे सारे करताना कॅमेरा ऑटोवर असला तरी बिघडत नाही. पहिले काही दिवस शिकायचा आहे तो उजेड; कॅमेऱ्याची बटणे पळून जात नाहीत.

त्यानंतर अॅपर्चर, म्हणजे लेन्समधील उजेड आत सोडणारे छिद्र, हाती घ्यावे. डायल 'ए' किंवा 'एव्ही'वर ठेवा, लेन्स 55वर, म्हणजे पूर्ण झूमवर, न्या आणि गड्ड्याच्या मागे हातभर अंतरावर एखादा डबा ठेवा. आपल्या लेन्समध्ये 55वर सर्वांत मोठे अॅपर्चर बहुधा 5.6 असेल (आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), त्यावर एक फोटो काढा आणि मग 16 आकड्यावर दुसरा. पहिल्यात डबा धूसर होईल, दुसऱ्यात त्याची आकृती बरीच स्पष्ट होईल. परंतु त्याच वेळी दुसरा फोटो हलल्याचेही दिसेल, आणि खरा धडा तोच आहे. 5.6पासून 8, 11, 16 अशा तीन पायऱ्यांत दर पायरीला उजेड निम्मा होतो, म्हणजे एकूण तो आठपट कमी होतो. ती भरपाई करण्यासाठी कॅमेरा शटर, म्हणजे उजेड अडवणारा आतला पडदा, आठपट अधिक वेळ उघडे ठेवतो. 1/30 सेकंदाचे जवळजवळ पाव सेकंद होते, आणि तेवढा वेळ कोणाचाच हात स्थिर राहत नाही. (आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, ऑटोवर असेल, तर कॅमेरा ही भरपाई गुपचूप तेथून करेल, म्हणून प्रयोगापुरता तो एका आकड्यावर बांधून ठेवावा.) कॅमेरा पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून दोन सेकंदांच्या टायमरने फोटो काढला, की ट्रायपॉडचे काम भागते.

शटरचा अभ्यास मुलीवर करावा. घरातील फोटो हलल्यावर आधी मागची भिंत पाहा. भिंतही पुसट असेल तर आपला हात हलला आहे. भिंत स्वच्छ आणि मुलगीच पुसट असेल तर ती हलली आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. हाताच्या कंपासाठी 55वर साधारण 1/80 सेकंद पुरते, आणि लेन्समध्ये कंपरोधक सोय असेल तर त्याहून कमी वेगही चालतो. हलत्या मुलासाठी मात्र ती सोय काहीच कामाची नाही, तेथे 1/250च्या आसपास जावे लागते आणि त्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो. रात्रीच्या दिवाणखान्यात तो 3200 किंवा 6400 झाला तरी घाबरू नये. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

पूर्ण मॅन्युअलवर काढतो तोच खरा छायाचित्रकार, हा समज मला पटत नाही. काय बदलले की काय होते हे कळले, की कोणती बाजू कॅमेऱ्यावर सोपवायची हे आपले आपल्याला ठरवता येते. गाडीतील वेळेचे म्हणाल, तर तोही वाया जायला नको. ऐरोली-रबाळे भागात गाडी उघड्यावर आली की उजेड कोणत्या खिडकीतून येतो, समोरच्या चेहऱ्याची कोणती बाजू अंधारात जाते, नाकाची सावली कुठे पडते, हे नुसते पाहावे. सहप्रवाशांचे फोटो मात्र त्यांना न विचारता काढू नयेत.

प्रश्न : आमच्या घरी नवीन एलईडी ट्यूब बसवल्यापासून मोबाइलमध्ये काढलेल्या फोटोंवर आडवे काळसर पट्टे येतात, कधी येतात आणि कधी नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराने कॅमेरा बदलायला सांगितले आहे. — वाचक, कळवा

उत्तर : पैसे खर्च करण्यापूर्वी एकदा दिवसा, सर्व दिवे बंद ठेवून, खिडकीच्या उजेडात फोटो काढून पाहावा. तेथे पट्टे आले नाहीत तर दोष ट्यूबचा आहे. आपल्याकडील विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-अधिक होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. परंतु मोबाइलचा सेन्सर एकेक ओळ क्रमाने टिपत जातो, त्यामुळे शटरचा वेग जास्त असला की काही ओळींना भरपूर उजेड मिळतो आणि काहींना कमी. चांगल्या ट्यूबमधील सर्किट हा चढउतार जवळजवळ नाहीसा करते, स्वस्त ट्यूबमध्ये तो राहतो. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर 1/100 किंवा 1/50 सेकंदावर ठेवल्यास प्रत्येक ओळीला पूर्ण फेरे मिळतात आणि पट्टे जातात. काही मोबाइलांच्या सेटिंगमध्ये 50 आणि 60 हर्ट्झ असा पर्याय असतो. तेथे 50 निवडावे. पट्टे कधी येतात आणि कधी नाही, याचे कारण एवढेच की ऑटोमध्ये मोबाइल दर वेळी वेगळा वेग निवडत असतो.

प्रश्न : घोडबंदर रोडवरील एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर आम्ही राहतो. खिडकीतून समोर दुसरा टॉवर दिसतो, तळे नाही की डोंगर नाही. सुट्टीच्या दिवशी येऊर किंवा तलावपाळी गाठली तरच काही फोटो मिळतात. अशा घरात काढण्यासारखे काय आहे? — वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : कॅमेऱ्याने टिपलेले जगातील सर्वांत जुने उपलब्ध छायाचित्र हे घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचेच आहे. फ्रान्समध्ये निएप्सने ते 1826-27च्या सुमारास घेतले. त्यापुढची गोष्ट प्रागचा छायाचित्रकार योसेफ सुडेक याची. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला होता. शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, 1940पासून, त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो घ्यायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षे तो ते घेत राहिला. बाहेर एक वाकडे झाड आणि छोटी बाग, मध्ये वाफ धरलेली किंवा पाणी ओघळणारी काच, आणि सज्जावर कधी एखादा पेला. पावसाळ्यातील ठाण्याला ही काच अपरिचित नाही.

समोरचा टॉवर दिसतो ही अडचण समजू नये. पावसाची सर येऊन गेल्यावर काचेवरच्या थेंबांवर फोकस करा, मग समोरच्या इमारतीवर करा, आणि एकाच चौकटीतून दोन वेगळी चित्रे कशी निघतात ते पाहा. कॅमेरा लेन्सजवळच्या काचेवर अडखळून पुढे-मागे होत राहील. त्या वेळी ऑटोफोकस बंद करून हाताने फिरवावे, मोबाइलवर हव्या त्या जागी बोट टेकवून धरावे. थेंबांजवळ गेलात तर प्रत्येक थेंबात समोरचा टॉवर उलटा दिसेल. संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात, तेव्हा निळे आकाश आणि पिवळ्या खिडक्या यांचा उजेड सारखा होण्याची वेळ थोडीच मिनिटे टिकते; ती रोज येते आणि त्यासाठी रिक्षाही करावी लागत नाही. एक पथ्य मात्र पाळावे : कोणाच्या घरातील माणसे ओळखू येतील अशी लांब लेन्स लावून फोटो घेऊ नयेत.

खिडकीच्या दिशेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. युरोपीय पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीला ऊन कधीच येत नाही, म्हणून तेथील उजेड सर्वांत समतोल असतो, असे सांगितलेले असते. ठाणे साधारण 19 अंश अक्षांशावर आहे. येथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भर दुपारीही उत्तरेकडे असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येते. तेव्हा पुस्तकापेक्षा आपल्या घराच्या फरशीवर विश्वास ठेवावा. रविवारी दर दोन तासांनी उन्हाचा पट्टा कोणत्या लादीपर्यंत येतो ते पाहून ठेवले, तर काही महिन्यांत घराचा प्रत्येक कोपरा कोणत्या वेळी कामाचा आहे हे पाठ होते.

प्रश्न : घरगुती लोणची आणि सणावारी मोदक यांच्या ऑर्डर मी घेते. फोटो मोबाइलवरच काढते. लोणचे पिवळट-काळे दिसते आणि उकडीचे मोदक राखाडी. — वाचक, ऐरोली

उत्तर : दोन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत. लोणचे पिवळट दिसते ते बहुधा खिडकीचा उजेड आणि स्वयंपाकघरातील पिवळा दिवा एकत्र आल्यामुळे. मोबाइल त्यांपैकी एकालाच पांढरे मानू शकतो, दुसऱ्याची छटा राहूनच जाते. म्हणून दिवसा, सर्व दिवे बंद करून, खिडकीपासून दोन-तीन फुटांवर फोटो काढावा. बरणी नव्हे, बशीतील चार फोडी घ्याव्यात आणि उजेड मागच्या एका कोपऱ्यातून येईल असे बसावे. तेलाचा तवंग तेव्हाच चमकतो आणि मोहरीची डाळ दाण्यादाण्याने दिसते. पुढची बाजू काळवंडली तर पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोलचा तुकडा जवळ उभा करावा. बरणीच दाखवायची असेल तर काळा किंवा गडद कपडा घालून फोटो काढा, नाहीतर काचेत आपणच दिसाल.

मोदकांचा प्रश्न कॅमेऱ्याच्या मोजमापाचा आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असेल असे धरून कॅमेरा उजेड ठरवतो. पांढऱ्या ताटातील पांढरे मोदक त्याला फार उजळ वाटतात आणि तो ते दाबतो. मोबाइलवर मोदकावर बोट टेकवल्यावर सूर्याचे चिन्ह येते, ते थोडे वर सरकवावे. काळ्या तव्याचा फोटो असेल तर खाली. केळीच्या पानावर मोदक ठेवले तर हे काम निम्मे होते, आणि पान शोभतेही. मोबाइल अगदी जवळ नेऊन काढू नका, पुढचा मोदक नारळाएवढा दिसतो. थोडे मागे सरकून दुप्पट झूम वापरा. आणि काढण्यापूर्वी लेन्स सुती कपड्याने पुसा. स्वयंपाकघरातील मोबाइलवर तेलाचा हात हमखास लागलेला असतो, आणि निम्मे धूसर फोटो त्यामुळेच येतात.

प्रश्न : शिकण्यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा? — वाचक, खारघर

उत्तर : आज आपल्याकडे जो आहे तो. त्याने काय जमत नाही हे नेमक्या शब्दांत सांगता येईपर्यंत नवीन घेऊ नये. 'मुलांच्या खेळात फोकस सुटतो' किंवा 'खाडीवरचे रोहित पक्षी ठिपक्याएवढे येतात' ही कारणे झाली; 'क्वालिटी येत नाही' हे कारण नव्हे.

प्रश्न : मागील पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सवर आतून पांढरट जाळे दिसू लागले आहे. ते घरी साफ करता येईल का? — वाचक, वाशी

उत्तर : ती बुरशी आहे, आणि ती आतल्या काचेवर असल्यामुळे घरी साफ करता येणार नाही. लेन्स उघडण्याचा प्रयत्न करू नका. जाणकार दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि लवकर द्या, कारण जुनी बुरशी काचेवरील लेप खाते व मग डाग जात नाही. दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीच्या निम्म्याजवळ जात असेल, तर कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या किट लेन्सवर तो करू नये, असे माझे मत आहे. तोवर ती इतर लेन्सपासून वेगळी ठेवावी.

पुढील पावसाळ्यासाठी भांड्यांच्या दुकानातील रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा पुरेसा आहे. त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर ठेवावे. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान असावा. त्याहून फार कोरडेही नको. रंग बदलणारे जेल असेल तर रंग पालटल्यावर ते पाकिटावरील सूचनेप्रमाणे गरम करून पुन्हा वापरता येते. चामड्याची पिशवी आणि लेन्स गुंडाळण्याचे फडके या दोन्ही गोष्टी ओल धरतात, म्हणून त्या डब्याबाहेरच राहू द्या. एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम बाल्कनीत नेल्यावर काचेवर वाफ धरते. तो अर्धा तास बॅगेतच बंद ठेवून मग बाहेर काढावा, आणि ओला झाला असेल तर कोरडा झाल्याशिवाय डब्यात ठेवू नये. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून चार फोटो घेतलेत, तर जाळे धरू लागले की लगेच नजरेस येईल.