किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो काढून पोट भरेल का?

प्रश्न : आम्ही अलिबागला राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे. सुट्टीच्या दिवशी मामाचा कॅमेरा घेऊन आक्षीच्या किनाऱ्यावर पक्ष्यांचे फोटो काढते आणि रात्री लॅपटॉपवर ते एडिट करत बसते. तिला यातच करिअर करायचंय. दीड लाखाची लेन्स मागतेय. घ्यावी का? नीटची तयारी मागे पडतेय, पुढे काय होणार? तिचे पाच फोटो सोबत जोडलेत.
– एक आई

नमस्कार ताई,

लेन्स या वर्षी घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुमचं लक्ष तिथेच राहील.

फोटो नीट पाहिले. लेकीची नजर चांगली आहे, पक्षी काय करतोय हे तिला कळतं. पण फाइलमधली माहिती सांगते की पाचपैकी तीन फोटो सकाळी अकरानंतरचे आहेत. तोवर वाळू तापते, तिच्यावरची हवा थरथरू लागते आणि पक्ष्याची कड विरघळल्यासारखी दिसते. हा दोष दीड लाखाच्या लेन्सनेही जात नाही. उलट लांबचा पक्षी टिपायला गेलं की मधली तापलेली हवा वाढते आणि दोष जास्तच दिसतो.

मामाची ३०० मिमीची लेन्स सध्या पुरे आहे, फक्त पक्षी जवळ यायला हवा. ते काम भरती करते. आक्षीची पुळण सपाट, ओहोटीला पाणी लांब जातं आणि पक्षी त्याच्या मागे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोळीवाड्यात कुणीही सांगेल. शुद्ध असो वा वद्य, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. थोडं मागेपुढे होतं, म्हणून भरतीचं कोष्टकही पाहावं. ऑक्टोबर ते मार्चमधल्या या तीन सकाळी सोन्यासारख्या : उजाडताना पाणी चढत असतं, पक्षी आपणहून किनाऱ्याकडे सरकतात आणि ऊन अजून तिरपं असतं. पुनवेला-अवसेला उधाण मोठं, पण पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमारास. भर डोक्यावरच्या उन्हात पक्ष्याचं पोट काळं पडतं.

तिने पक्ष्याच्या वाटेत आधीच जाऊन पालथं पडावं, कॅमेरा जुन्या तव्यावर किंवा तांदळाच्या पिशवीवर टेकवावा आणि थांबावं. पाठलाग करायचा नाही. चरणाऱ्या पक्ष्याला शटर १/१००० सेकंद, उडणाऱ्याला १/२०००, अॅपर्चर (लेन्सचं तोंड) एफ ६.३ ते ८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. काळ्या चिखलावर पांढरा कुरव असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, पाऊण स्टॉप खाली, कारण कॅमेरा चिखल पाहून फोटो उजळवतो आणि पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरी होऊन त्यांचे बारकावे जातात. जळलेली पिसं कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाहीत. थव्याने माना वर केल्या की जागीच थांबायचं. आर्क्टिकमधून आलेल्या सँडरलिंग या छोट्या किनारपक्ष्याला भरतीच्या वेळी विश्रांती लागते, त्याला उडवून मिळवलेला फोटो मला तरी दाखवू नये.

आता एडिटिंग. खरं सांगायचं तर तिचं करिअर इथे ठरेल. सँडरलिंगच्या फोटोत पक्ष्याभोवती पांढरी कड आलीय. शार्पनिंग आणि क्लॅरिटी (कडा आणि बारकावे उठावदार करणाऱ्या पट्ट्या) सगळ्या फोटोवर ओढली की असं होतं. शिवाय वाळूवरचा नॉइज, म्हणजे दाणेदारपणाही, धारदार होतो. रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलवर, आधी डीनॉइज, मग शार्पनिंग. रेडियस १ च्या आत, मास्किंग (शार्पनिंग फक्त कडांपुरतं ठेवणारी पट्टी) ७०-८०. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट दाबून मास्किंगची पट्टी सरकवली की फक्त पक्ष्याच्या कडा पांढऱ्या दिसायला हव्यात. बाकीचे सगळे बदल मास्क लावून, म्हणजे फक्त पक्षी निवडून, त्याच्यापुरतेच करावेत.

ग्रीनशँक या किनारपक्ष्याच्या फोटोतली चूक याहून मोठी आहे. सॅच्युरेशन इतकं चढवलंय की त्याचे फिकट हिरवट पाय पिवळे झालेत, आणि पिवळे पाय म्हटलं की बघणाऱ्याच्या मनात वुड सँडपायपर हा दुसराच पक्षी येतो. चोच पाहिली की उलगडा होतो, पण तोवर फोटोवरचा विश्वास गेलेला असतो. या पक्ष्यांची ओळखच पाय, चोच आणि पाठीच्या पिसांवर चालते. पायात अभ्यासासाठी लावलेला रंगीत फ्लॅग (खुणेची पट्टी) असेल तर त्यावरची अक्षरं अभ्यासकांना हवी असतात, म्हणून क्रॉप करताना पाय कापू नयेत. क्रॉपही मूळ रुंदीच्या निम्म्यापर्यंतच. ६००० पिक्सेलचे ३००० उरले तर ए-फोर आकाराचा चांगला प्रिंट निघतो. तिने एका फोटोत फक्त ९०० ठेवलेत.

आणखी एक. एका फोटोत पक्ष्याशेजारची प्लास्टिकची बाटली पुसलेली दिसते, वाळूचा एकच ठसा तिथे दोनदा उमटलाय. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेसारख्या ठिकाणी पुढच्या फेरीत रॉ फाइल मागतात आणि काही पुसलं किंवा घातलं असेल तर फोटो बाद होतो. बाटली राहू द्यावी, ती आक्षीचीच आहे.

पैशाचं बोलू. नुसते पक्ष्यांचे फोटो विकून घर चालवणारे आपल्याकडे फार थोडे. बाकीचे सर्वेक्षणं, पक्षीनिरीक्षणाच्या सहली, कार्यशाळा आणि दागिन्यांच्या किंवा उत्पादनांच्या फोटोंचं रीटचिंग यांची मोट बांधतात. म्हणून दोन वाटा सुचवते. पहिली, बी.एस्सी. झूऑलॉजी आणि मग डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत वन्यजीवांवरचं एम.एस्सी., प्रवेश परीक्षेतून. जागा फार कमी असतात. दुसरी, राज्याच्या सीईटीतून बी.एफ.ए. अप्लाइड आर्ट आणि पुढे एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात फोटोग्राफी डिझाइनचं एम.डेस. (पदव्युत्तर पदवी). या वाटेला हातात चित्र असावं लागतं. लेकीला पक्ष्यांची ओळख जास्त आवडते असं फोटोंवरून वाटतं, म्हणून माझं मत पहिल्या वाटेला. बी.एस्सी.ला नीटचे गुण लागत नाहीत, पण फॉर्म भरलाच आहे तर परीक्षा देऊ द्या. बोर्ड संपेपर्यंत महिन्यातून दोनच सकाळी किनारा, एडिटिंग रविवारी दोन तास. परीक्षेनंतर बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा पक्षीशास्त्राचा अभ्यासक्रम करता येईल.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातही हीच ओढ टिकली तर १५०-६०० मिमीची वापरलेली लेन्स बघा. घेण्याआधी मागून मोबाइलचा टॉर्च मारून काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते तपासा. अलिबागच्या पावसाळ्यात लेन्स कपाटात ठेवली तर बुरशी धरतेच. त्यामुळे ४०-५० टक्के आर्द्रता राखणाऱ्या ड्राय कॅबिनेटचे पैसे लेन्सच्या हिशेबातच धरा.