पायावरची गाठ बरी होत नाही. बुरशीची तपासणी कशी होते?
नाशिकजवळ बागेत काम करताना वडिलांच्या पायात काटा रुतला, तिथे चामखिळीसारखी गाठ आली आणि वर्षभर नायट्याचं मलम लावूनही ती वाढतेय, असं तुम्ही लिहिलंय. आता मलमावर वेळ घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

गाठीवरच्या काळ्या ठिपक्यांची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये (त्वचेच्या पेशी विरघळवणाऱ्या द्रावणात) टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तांबूस-तपकिरी गोल पेशी दिसल्या तर क्रोमोब्लास्टोमायकोसिस, म्हणजे जखमेतून त्वचेत शिरलेल्या बुरशीचा आजार. बायोप्सीचे (तपासणीसाठी कापून घेतलेल्या गाठीचे) दोन तुकडे घ्यायला आवर्जून सांगा: एक सूक्ष्मदर्शकाखाली बघायला फॉर्मेलिनमध्ये, दुसरा कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायला, सलाइनमध्ये. फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चर उगवणार कुठून?

कल्चरला 4 आठवडेही लागतात, धीर धरा. बुरशीची नेमकी जात डीएनएवरून ठरते. इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन हे बुरशीविरोधी औषध किती मात्रेला तिची वाढ रोखतं, हेही मोजता येतं. गोळ्या मात्र कित्येक महिने घ्याव्या लागतात.