कुंभकोणमच्या शाळेच्या आगीतल्या मुलांचं स्मारक बघायला जावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. मंदिरं बघायला तमिळनाडूत कुंभकोणमला जाताय तर ते स्मारकही बघावं का, आणि असली स्मारकं बांधून घरच्यांच्या जखमेवरची खपली काढण्यापलीकडे काय साधतं. पहिलीचं उत्तर सोपंय, जा, नक्की जा. दुसरीवर मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण नोकरीमुळे मी त्या गावात काही वर्षं राहिलोय आणि ते खपलीचं मला अजिबात पटत नाही.

आधी काय झालं ते सांगतो. १६ जुलै २००४, शुक्रवारची सकाळ. काशीरामन स्ट्रीटवर एकाच इमारतीत तीन शाळा भरायच्या. खाली मुलांच्या दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक चाललेला आणि वर प्राथमिकच्या वर्गांना छप्पर झापांचं, म्हणजे आपल्याकडे कोकणात मांडवावर घालतात ना नारळाच्या विणलेल्या झावळ्या, तेच. स्वयंपाकघराकडून आग लागली, वरच्या छपराला पोचली आणि ते पेटलेलं छप्पर बांबूंसकट वर्गात बसलेल्या मुलांवर कोसळलं. जिना अरुंद, दुसरी वाट नाही. शेजारपाजारचे लोक भिंत फोडून आत घुसले, काही मुलं निघाली, पण ९४ गेली. बहुतेक सगळी प्राथमिकची, म्हणजे वय काय तर सहा ते दहा-अकरा.

आता स्मारक. सरकारने बांधलेलं आहे ते पालक्करै भागात, २०१० मधे झालं. तिथे जाल तेव्हा नुसतं बघून पुढे जाऊ नका, थांबून नावं वाचा. तमिळ लिपी येत नसेल तर कोणाला तरी वाचून दाखवायला सांगा, लोक आनंदाने सांगतात. तिकडे आडनाव नसतं, मुलाच्या नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात. काही घरांतली एकापेक्षा जास्त मुलं त्या दिवशी गेली. पुढे काही आयांनी परत मूल व्हावं म्हणून नसबंदी उलटवायची ऑपरेशनं करून घेतली. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा त्या रात्री झोप लागली नव्हती.

पण माझ्या मते खरं स्मारक दरवर्षी १६ जुलैला त्या रस्त्यावरच उभं राहतं. सकाळी शाळेच्या इमारतीसमोर एक मोठा फ्लेक्स लावतात, त्यावर मुलांचे पासपोर्ट साइज फोटो ओळीने, तेल लावून चप्प बसवलेले केस, मुलींच्या दोन वेण्या, फोटो काढायला आलोय म्हणून ताठ बसलेली पोरं. एकेक आईवडील येतात, फुलं वाहतात, कोणी त्या मुलाला आवडणारा खाऊ आणतं. एक आजी आपल्या नातवाच्या फोटोवरची धूळ पदराने पुसत होती, फ्लेक्स त्याच सकाळी लावलेला, धूळ कुठली असणार, तरी पुसत होती. संध्याकाळी महामहम तलावावर दिवे लावतात.

हे सगळं कोणी त्यांच्यावर लादलेलं नाहीये हो, ते स्वतः करतात, आणि तो दिवस बालसुरक्षा दिवस म्हणून जाहीर करा ही मागणीही त्यांचीच. ज्यांची मुलं गेली ते काही स्मारक नसलं म्हणून विसरणार नाहीत, विसरतो आपण. आणि कोर्टाने तरी त्यांना काय दिलं? निकाल लागला ३० जुलै २०१४ ला, म्हणजे १० वर्षांनी, १० जण दोषी ११ निर्दोष, शाळेच्या संस्थापकाला जन्मठेप, आणि २०१७ मधे हायकोर्टात त्यातले बहुतेक सुटले, संस्थापकाचीही भोगली तेवढी शिक्षा पुरे झाली. केस संपली. आता ही मुलं होती हे गावाला सांगणारं काय उरलं, तर तो दगड आणि तो फ्लेक्स.

उपयोगाचंच विचारत असाल तर तोही झालाय. तमिळनाडूत शाळांवरची झापांची छपरं काढायला लावली. आणि याच आगीनंतर अविनाश मेहरोत्रा यांनी सुप्रीम कोर्टात याचिका केली, त्यावर १३ एप्रिल २००९ ला निकाल आला की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. हा निकाल अख्ख्या देशाला लागू आहे, म्हणजे तुमच्या पोरांच्या शाळेलाही. आपल्या महाराष्ट्रात तर आगीपासून सुरक्षेचा २००६ चा स्वतंत्र कायदा आहे, आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असा फॉर्म बी दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत लायसन असलेल्या एजन्सीकडून द्यावा लागतो. कायदा असूनही जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० तान्ही बाळं गेलीच. मला त्या दिवशी सारखी काशीरामन स्ट्रीटच आठवत होती. पालक सभेत फी आणि गॅदरिंगवर तासभर बोलतो आपण, तिथे फॉर्म बी कधीचा आहे आणि दुसरा जिना उघडा असतो का हे विचारा ना एकदा, तो आपला हक्क आहे.

आणि ते गाव आपल्याला परकं नाहीये. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातलं ते गाव, बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव तिथलेच, अजूनही घरात तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबं तिकडे भेटतात.

तर जुलैत जाणार असाल तर १६ तारीख धरून जा, सकाळी लवकर, मागच्या बाजूला शांत उभे रहा, सेल्फी वगैरे प्लीज नको. एरवी गेलात तर दुपारी मंदिरं चार-साडेचारपर्यंत बंदच असतात, त्या वेळात रिक्षा करून जाऊन या. मुलांना न्यावं का हे तुम्हीच ठरवा, मी माझ्या मुलीला ती चौथीत असताना नेलं होतं, तिने विचारलं ते सगळं खरं खरं सांगितलं.