क्रेप मर्टल: हिरवागार आहे, पण फुलत नाही

प्रश्न: अंगणातल्या क्रेप मर्टलला चार वर्षे झाली. दर हिवाळ्यात सगळ्या फांद्या छातीच्या उंचीवर सपाट छाटतो, युरियाही देतो. तरी फुले मोजकीच, आणि पावसात फांद्या लोळतात. काय चुकते?

उत्तर: छाटणीची वेळ बरोबर आहे, हात मात्र जड पडतो आहे. या झाडाला फूल येते ते त्याच हंगामातल्या नव्या फुटीच्या शेंड्याला. म्हणून ‘जितके छाटू तितके फुलेल’ असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात जाड फांदी मध्येच तोडली की त्या जागी लांब, लुसलुशीत फुटव्यांचा झुबका येतो. फुलोरा लागतोही, पण काडी पेन्सिलीएवढी आणि वर भिजलेला तुरा; मग ती वाकणारच. दरवर्षी तिथेच कात्री लागली की वळलेल्या मुठीसारखी गाठ तयार होते. तुमच्या झाडावर एव्हाना ती दिसत असेल.

यावर दोन उपाय आहेत. प्रत्येक गाठीवरचे दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे मुळाशी काढा, म्हणजे दोन-तीन वर्षांत त्यांच्याच फांद्या बनतील. किंवा धीर असेल तर हिवाळा संपता संपता, नवी फूट येण्याआधी, झाड जमिनीलगत कापा. ते पुन्हा फुटते. त्यातली तीन ते पाच सरळ खोडे निवडा. पुढे दरवर्षी फक्त वाळलेले, एकमेकांवर घासणारे, आत वळलेले आणि बुंध्याचे फुटवे काढायचे. पहिला बहर ओसरताच, बोंडे धरण्याआधी तुरे खुडलेत तर दुसरा बहर मिळू शकतो.

युरिया थांबवा. नत्र जास्त झाले की झाड पानातच रमते. शेजारच्या हिरवळीला दिलेले खतसुद्धा त्याच्या मुळांपर्यंत पोचते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आणि ऊन बघा: रोज सहा तास थेट मिळत नसेल तर खत-छाटणीने काहीही साधणार नाही.

प्रश्न: खोडाची साल कागदासारखी सुटते आहे. पानेही काळी पडली आहेत. रोग आहे का?

उत्तर: साल सुटणे हा त्याचा स्वभाव. खालचे तुळतुळीत, ठिपकेदार खोड हेच पानगळीनंतरचे त्याचे वैभव. त्यावर औषध मारू नका.

काळेपणा वेगळा. पान उलटून पाहा, शिरांलगत पिवळसर मावा सापडेल. त्याच्या चिकट्यावर काजळी बुरशी वाढते. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा, गरज पडली तर निंबोळी तेल. मावा गेला की काजळीही हळूहळू जाते. फांद्यांवर पांढरे खवले असतील आणि चिरडल्यावर गुलाबी रस निघाला, तर ती खवले कीड आहे. मऊ ब्रशने घासून काढा. पांढरी भुकटी पानांवर असेल तर भुरी समजा. सावलीत, कोंदट जागी ती हमखास येते.

नवे रोप घेणार असाल तर भुरीला दाद न देणारा संकरित वाण निवडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाने (नॅशनल आर्बोरेटम) 1978 साली दिलेला पांढऱ्या फुलांचा ‘नॅचेझ’ त्यातलाच. पण तो सहा मीटरच्या वर जातो, खिडकीखाली लावाल तर पुन्हा कात्रीच हाती येईल. तिथे मीटरभरात राहणारा बुटका वाण बरा.