ग्रेनेडा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ग्रेनेडा म्हणजे स्पेनमधलंच ना? नकाशात नेमकं कुठे शोधायचं?

स्पेनमधलं ग्रनाडा हे शहर आहे. ग्रेनेडा हा स्वतंत्र देश आहे, कॅरिबियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात, त्रिनिदादच्या उत्तरेला. तिकीट काढताना हा घोळ खरोखर होतो, म्हणून पैसे भरण्याआधी विमानतळाचा संकेत पाहा. ग्रेनेडाचा जीएनडी, स्पेनमधल्या शहराचा जीआरएक्स.

मुख्य बेट, कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक मिळून क्षेत्रफळ 344 चौरस किलोमीटर. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत, राजधानी सेंट जॉर्जेस. 7 फेब्रुवारी 1974 ला ब्रिटनपासून स्वातंत्र्य मिळालं, तरी राष्ट्रप्रमुख अजून ब्रिटनचा राजाच आहे आणि शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. ते कॅरिबियन न्यायालयाकडे न्यावं का, असं 2016 आणि 2018 मध्ये लोकांना विचारलं गेलं. दोन्ही वेळा उत्तर नाही असंच आलं.

बेट ज्वालामुखीतून झालेलं, त्यामुळे मधोमध डोंगर. सर्वांत उंच माउंट सेंट कॅथरीन, 840 मीटर. उत्तरेला समुद्राच्या तळाशी ‘किक-एम-जेनी’ हा जिवंत ज्वालामुखी आहे. तो असल्याचं 1939 च्या उद्रेकात कळलं. बोटी त्याच्याभोवती ठरवून दिलेलं अंतर राखून जातात. कारण फक्त स्फोटाची भीती नाही. पाण्यात वायूचे बुडबुडे मिसळले की पाण्याची घनता उतरते आणि बोटीला तरंगायला लागणारा आधारच कमी पडतो.

प्रश्न: झेंड्यावर जायफळ कसं आलं? एवढं पीक अजून निघतं का?

झेंड्यावर आलं कारण देशाचं पोट बरीच वर्षं त्याच्यावर चाललं. गुलामगिरी संपल्यावर उसाचे मळे ढासळले आणि एकोणिसाव्या शतकात आलेलं हे झाड बेटाच्या ओलसर उतारांना मानवलं. 2004 पर्यंत जगात इंडोनेशियाच्या खालोखाल ग्रेनेडाचा नंबर होता. आज तो नाही.

7 सप्टेंबर 2004 ला आयव्हन चक्रीवादळ बेटावर आदळलं. 39 माणसं गेली, दहातल्या नऊ घरांचं नुकसान झालं आणि जायफळाची बहुतेक झाडं आडवी झाली. जायफळाची मुळं उथळ, वर बारमाही दाट पानांचा डेरा, त्यात जमीन उताराची. असं झाड मोडत नाही, मुळासकट उपटतं. पुढच्याच जुलैत एमिली वादळ आलं.

नवीन लावायला अडचण कुठे येते, तेही पाहा. रोपापासून पहिलं फळ यायला सात-आठ वर्षं, भर उत्पन्नाला पंधरा-वीस. शिवाय नर आणि मादी झाडं वेगळी, आणि बियांपासूनची जवळपास निम्मी रोपं नर निघतात. हे फुलं आल्याशिवाय कळत नाही. परागीकरणाला आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो, बाकीचे वर्षानुवर्षं पोसून शेवटी तोडावे लागतात. उपाय म्हणजे मादी झाडाच्या डोळ्याचं कलम, पण त्याला कसबी हात लागतो आणि सगळीच कलमं लागत नाहीत. उतारवयातल्या शेतकऱ्याने एवढी वर्षं कशाच्या जोरावर थांबायचं? अनेक जण कोकोकडे वळले, कारण तो तीन ते पाच वर्षांत फळतो.

पश्चिम किनाऱ्यावरच्या गुयाव्ह गावात सहकारी संघाचं प्रक्रिया केंद्र आहे. तिथली पद्धत अशी: फळ पिकून आपोआप फुटतं आणि बी खाली पडते. ती लगेच वेचावी लागते, ओल्या जमिनीवर राहिली की बुरशी धरते. बीवरची लाल जाळी, म्हणजे जायपत्री, अखंड सोलून चपटी करून वेगळी वाळवतात. कवचासकट बिया लाकडी तबकांवर सावलीत सहा ते आठ आठवडे पसरतात आणि रोज फावड्याने हलवतात. कडक उन्हात टाकल्या तर आतली चरबी पाघळते आणि जायफळ चिरतं. आतला गर सुटून बी खुळखुळू लागली की कवच फोडायचं. मग गर पाण्यात टाकतात. बुडाला तो चांगला, तरंगला तो पोकळ. पोकळ माल तेल काढायला जातो.

प्रश्न: एवढ्याशा बेटावर अमेरिकेने सैन्य का उतरवलं होतं?

13 मार्च 1979 ला पंतप्रधान एरिक गेरी परदेशी असताना मॉरिस बिशप यांच्या न्यू ज्युएल मूव्हमेंटने सत्ता घेतली. सरकार समाजवादी, क्युबाशी सलगी. पुढे पक्षातच फूट पडली आणि 19 ऑक्टोबर 1983 ला बिशप यांना सहकाऱ्यांसह किल्ल्यात गोळ्या घातल्या गेल्या. सहा दिवसांनी अमेरिकन फौजा उतरल्या. कारणं दोन सांगितली गेली: सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांची सुरक्षा, आणि क्युबाच्या मदतीने बांधली जाणारी लांब धावपट्टी, जी लष्करी असल्याचा आरोप होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 108 विरुद्ध 9 मतांनी कारवाईचा निषेध केला. तीच धावपट्टी नंतर अमेरिकेच्या मदतीने पुरी झाली आणि 2009 पासून त्या विमानतळाला नाव आहे मॉरिस बिशप यांचं! देशाला आज स्वतःचं लष्कर नाही, पोलीस आणि तटरक्षक दल आहे. 25 ऑक्टोबरला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

प्रश्न: पैसे भरून तिथलं नागरिकत्व मिळतं, आणि त्यावर अमेरिकेत धंदा करता येतो, असं एजंट सांगतो. खरं का?

पहिला भाग खरा, दुसरा अर्धाच. 2013 पासून ही योजना आहे. सरकारी निधीला द्यायची किमान रक्कम जुलै 2024 पासून 2,35,000 अमेरिकन डॉलर. छाननीचं आणि अर्जाचं शुल्क वेगळं. ही देणगी परत मिळत नाही.

ग्रेनेडाचा अमेरिकेशी करार असल्याने तिथल्या नागरिकाला ई-2 गुंतवणूकदार व्हिसा मागता येतो. पण डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेने कायदा बदलला: पैसे गुंतवून नागरिक झालेल्याने आधी तीन वर्षं त्या देशात वास्तव्य केलेलं हवं. एजंट हे वाक्य सहसा गाळतात. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसरं स्वेच्छेने घेतलंत की भारतीय नागरिकत्व संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो.

प्रश्न: तिथे भारतीय वंशाचे लोक आहेत का?

आहेत, थोडे. 1 मे 1857 ला ‘मेडस्टोन’ जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, उतरले. पुढच्या काही दशकांत सुमारे 3,200 आले.

प्रश्न: ‘ऑइल डाउन’ हा तिथला राष्ट्रीय पदार्थ घरी जमेल का?

जमेल, नीरफणस आणि अळू मिळत असेल तर. सहा जणांसाठी एक मोठा नीरफणस, अर्धा किलो खारवलेलं मांस, दोन नारळांचं दूध, दहा-बारा अळूची पानं, चमचाभर हळद, कांदा, थाइम, एक अख्खी तिखट मिरची आणि कणकेचे घट्ट, बोटाएवढे गोळे.

मांस रात्रभर भिजवून एक उकळी काढा आणि ते पाणी फेका, नाहीतर सगळं खारट होईल. जाड बुडाच्या पातेल्यात तळाला मांस, त्यावर कांदा, थाइम आणि नीरफणसाच्या फोडी, मग गोळे, सर्वांत वर अळूची पानं झाकणासारखी. हळद घातलेलं नारळाचं दूध ओता, वर मिरची ठेवा, झाकून मंद आचेवर तासभर. ढवळायचं नाही: फोडी मोडतात, मिरची फुटली तर तिखट सगळीकडे पसरतं. नीरफणस भरलेला पण टणक हिरवा हवा, पिकलेल्याचा लगदा होतो. अळू कच्चं राहिलं तर घसा खाजेल. दूध आटून तळाशी नुसतं तेल दिसू लागलं की लगेच उतरवा, तिथून करपायला दोन मिनिटं पुरतात.

प्रश्न: जायचं तर कधी, आणि काय सांभाळायचं?

जानेवारी ते मे कोरडा हंगाम. चक्रीवादळांचा काळ जून ते नोव्हेंबर. 1 जुलै 2024 ला बेरिल वादळाने कॅरियाकूवरची बहुतेक घरं मोडली, म्हणून तिकडे राहायचा बेत असेल तर जागा आधी पक्की करा. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, 2.70 ला एक अमेरिकन डॉलर हा दर 1976 पासून बांधलेला. वाहनं डावीकडून, वीज 230 व्होल्ट, तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग. लष्करी छाप्याचे कपडे नेऊ नका, सामान्य माणसाने ते घालणं तिथे गुन्हा आहे, लहान मुलांच्या पॅंटसुद्धा त्यात आल्या.

उत्तरेला रिव्हर आंत्वान ही 1785 पासूनची रमची भट्टी आहे, पाणचक्कीवर अजून ऊस पिळतात. तिथली मूळ रम 75 टक्क्यांहून कडक असते आणि 70 च्या वर मद्यार्क असलेली बाटली विमानात चालत नाही. प्रवाशांसाठी 69 टक्क्यांची वेगळी बाटली मिळते, ती घ्या.